ओळखीच्या माणसाला भाव सांगणं

वर्षभर आमच्या घरातली सकाळ एका परक्या माणसाच्या आवाजानं व्हायची. मुलगी चहाचा कप घेऊन लॅपटॉपपुढे बसायची आणि आतले ऑनलाइन क्लासचे सर हिंदीतून सुरू व्हायचे, "दोस्तों, इंटरनेट मार्केटिंग में पहले प्रोडक्ट नहीं आता, पहले माइंडसेट आता है." मी समोर विळीवर कोहळा चिरत बसलेली असायचे. ऐकून ऐकून मला त्या माणसाचा खोकलाही ओळखू यायला लागला होता. मनात म्हणायचे, बाबा रे, एकदा इथं ये, हा कोहळा किसून दाखव, मग सांग पहिले काय येते अन् नंतर काय येते.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कारकून होते. नवरा प्लांटमध्ये होता, तो अचानक गेला आणि अनुकंपेवर मला नोकरी लागली. मुलगी तेव्हा शाळेत जायची. तिचं शिक्षण, स्मृति नगरातलं हे घर, सगळं त्या नोकरीनं केलं. पुढे मुलगी बंगलोरला एका कंपनीत लागली आणि मी निवृत्त होऊन घरी बसले. मग घरून काम करायचे दिवस आले तशी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे राहायला आली. किती वर्षांनी घरात दोन ताटं मांडली जायला लागली! कंपनीनं परत बोलावलं तेव्हा तिनं राजीनामाच दिला. संक्रांतीचा दिवस होता. मला म्हणाली, "आई, एक साल देऊन पाहते. पुढच्या संक्रांतीपर्यंत इथून स्वतःचं काही विकायला जमलं तर मी इथंच राहीन. नाही जमलं तर परत नोकरी पाहीन."

मी नुसतं "पाह्य बाप्पा, तुले जमते तसं" म्हटलं. पण खरं सांगते, मला ती राहायला हवी होती. दुसरं काहीच नको होतं. आमच्या गल्लीत संध्याकाळी फिरायला निघा, सगळी पिकली डोकी भेटतात. जो तो मुलासाठी वर एक मजला बांधून बसला आहे आणि त्या मजल्याला कुलूप आहे. मुलं पुण्यात, हैदराबादला, बंगलोरला. दिवाळीत चार दिवस येतात, वरच्या मजल्याची खिडकी उघडतात, धूळ फार आहे म्हणतात आणि जातात. माझ्या एकटीच्या नशिबात मूल परत आलं होतं. त्यामुळे तिनं काहीही विकायचं म्हटलं असतं तर मी ते करून दिलं असतं.

तिनं वड्या म्हटलं. कोहळ्याच्या वड्या, ज्याला इकडचे लोक रखिया बडी म्हणतात. उडदाची डाळ भिजवून वाटायची, कोहळ्याचा कीस पिळून त्यात घालायचा, आलं, मिरची, जिरं, हिंग घालून हात दुखेपर्यंत फेसायचं आणि गच्चीवर कापडावर एकेक वडी टाकत जायचं. थंडीच्या कडक उन्हात वाळतात. या वड्या मी नागपूरकडच्या माझ्या आईकडून शिकले आणि इथल्या शेजारणींकडून सुधारल्या. चांगल्या होतात, हे मला माहीत होतं. पण चांगलं करणं आणि विकणं यात किती अंतर आहे, ते कुठं माहीत होतं?

प्लांटमध्ये कसं होतं, गेटवर हजेरी लागली की दिवस तुमचा झाला. साहेब खूष असो की नाराज, फाइल पुढे सरको की न सरको, हजेरी ती हजेरी. इथं सगळं उलटं. मुलगी दिवसभर खपून वड्यांचा व्हिडिओ करायची, मागं गाणं लावायची, फोनवर टाकायची आणि मग आम्ही दोघी वाट पाहायचो. पाहणारे कोण, तर तिच्या दोन मैत्रिणी आणि रायपूरची माझी नणंद. नणंद प्रत्येक व्हिडिओखाली फुलं टाकायची. सर म्हणायचे, "रिजल्ट मत देखो, रोज दिखो." अहो, रोज कुणाला दिखो? भिंतीला? मुलीचा चेहरा उतरायचा तसा माझा जीव खाली-वर व्हायचा. संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत जाणारा प्रत्येक दिवस मला माझ्या अंगावरून गेल्यासारखा वाटायचा.

मग सरांनी सांगितलं की लोकांना थोडा माल फुकट द्या. एकदा चव लागली की माणूस विकत घ्यायला परत येतो. हे ऐकून मात्र मला हुरूप आला. मी म्हटलं, "यात काय मोठं? वानोळाच तर द्यायचा आहे. हे माझं काम, तू बस."

आपल्याकडे घरात काही नवं केलं की पहिला वाटा शेजारीपाजारी जातो, तो वानोळा. मी जन्मभर दिला-घेतला. स्टीलचे डबे काढले, भरले आणि निघाले. स्मृति नगरातली आमची गल्ली झाली. हुडको कॉलनीत ऑफिसमधल्या जुन्या लोकांकडे गेले. बोरसीला चुलत जाऊ राहते, ऑटो करून तिच्याकडेही गेले. घरोघरी बसले, चहा प्यायले, गुडघ्यांची चौकशी झाली, मुलांचे फोटो पाहिले. घरी आले तेव्हा पाय मोडून आले होते, पण मनात म्हटलं, आता पाहा कशी रांग लागते.

आणि लागली की रांग! पुढच्या आठवड्यात एकेक डबा परत यायला लागला. वानोळ्याचा डबा कुणी रिकामा परत करतं का? शेजारच्या वहिनींनी जवसाची चटणी भरून पाठवली. हुडकोतून चकल्या आल्या. कुणाकडून तिळाचे लाडू, कुणाकडून अंबाडीची भाजी. बोरसीच्या जावेनं तर फणसाचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून, तेल लावून पाठवला. सगळ्यांनी वड्यांचं तोंड भरून कौतुक केलं. ऑर्डर एकही नाही. त्यांचा हिशेब चुकता झाला होता ना! वड्या आल्या, चटणी गेली, फिटंफाट. मुलगी ओट्यावरचा तो सगळा पसारा पाहून आधी हसली आणि मग डोक्याला हात लावून बसली. "आई, ये मार्केटिंग नहीं है. हे तू भिशी लावली."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसमधले एक जुने सहकारी घरी आले. स्कूटर लावून दारातच उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, वड्या एक नंबर होत्या. मुलाकडे पाठवायच्या आहेत, दोन पाकिटं द्या. किती द्यायचे?" आणि खिशात हात घातला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काय भाऊ, लाजवून राहिले का मले? पैसे कायचे? नेऊन टाका." त्यांनी दोनदा आग्रह केला, मी तीनदा नको म्हटलं. ते पाकिटं घेऊन गेले. मागं वळून पाहते तर मुलगी दारात.

"आई, वो पैसे दे रहे थे."

"म्हणून काय घ्यायचे? किती वर्षं एका टेबलावर बसलो आम्ही. तुझे बाबा गेले तेव्हा या माणसानं माझी सारी कागदं फिरवली."

"मग विकायचं कोणाले? ओळखीच्यांना द्यायचं फोकट, अन् अनोळखी लोक आपल्याले ओळखत नाहीत!" तिचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "आई, तुले मी जावं असंच वाटून राहिलं का?"

हातातली परात ओट्यावर अशी आपटली की शेजारच्या वहिनींनी खिडकीतून डोकावून पाहिलं. बह्याड पोरगी, खुळी कुठली! मला तिनं जावं असं वाटतं? तिच्यासाठी मी बोरसीपर्यंत डबे वाहिले आणि हिला असं वाटतं? फार राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण होळी जवळ आली होती आणि आमचं एक पाकीटही विकलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसले. म्हटलं, "लाव तुझ्या सरांना. काय म्हणतात ते मलेही समजू दे." सर त्या दिवशी भावाबद्दल सांगत होते. भाव सांगा आणि गप्प बसा. सांगून झाल्यावर जो आधी बोलला तो हरला. हे ऐकायला सोपं आहे. मुलीनं माझी तालीम घ्यायला सुरुवात केली. ती हुडकोची काकू व्हायची, पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून यायची आणि विचारायची, "वहिनी, वड्या काय भाव दिल्या हो?" मी भाव सांगायचे. ती गप्प. मी गप्प. आणि चार श्वासांत मी म्हणायचे, "पण तुमच्यासाठी कमी करून देईन." मुलगी कपाळ बडवून घ्यायची. "आई, काकूनं मागितलंच नाही कमी!" आम्ही हसायचो. पण मला खरंच जमत नव्हतं. समोरचा गप्प बसला की मला वाटायचं आपण त्याला दुखवलं.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं लहानपणापासून ऐकलं. पण बोलून झाल्यावर गप्प राहणाऱ्याचं काय होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. ते मी या वयात शिकले. रोज सकाळी, कोहळा बाजूला ठेवून.

खऱ्या अर्थानं मी पहिला भाव सांगितला तो शेजारच्या वहिनींना. फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बहिणीकडे न्यायच्या आहेत, असतील तर द्या." मी भाव सांगितला. गप्प बसले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागं गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं बाई," आणि आतून पैसे आणून दिले. मुलीनं मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. पुढं काही दिवसांनी माझा एक डबा त्यांच्याकडे राहिला होता तो परत आला. घासूनपुसून लख्ख आणि रिकामा. मी झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. आमच्या दोघींमध्ये इतक्या वर्षांत रिकामा डबा कधी गेला नव्हता की आला नव्हता.

मुलीला मी हे सांगितलं नाही. सांगून तिनं काय केलं असतं? एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती. सर ज्याला माइंडसेट म्हणत होते, ते म्हणजे समोरच्या माणसाकडे आधी गिऱ्हाईक म्हणून पाहता येणं आणि मग जमलं तर माणूस म्हणून. प्लांटनं मला हे शिकवलं नव्हतं. माझ्या आईनंही नाही. मी ते मुलीसाठी शिकून घेतलं. शिकल्यावर मात्र ते बंद करता येईना. लग्नाला गेले तरी पंगतीत बसून कुणाची मुलं कुठं आहेत आणि त्यांना वड्या लागतील का, हेच डोक्यात फिरायचं. फार दमायला व्हायचं. शरीरानं नाही, कोहळ्याचं दमणं झोपलं की जातं.

पावसाळ्यात वड्या वाळत नाहीत. आधीच्या उरलेल्या पाकिटांवर दिवस काढत होतो. एका दुपारी मुलगी म्हणाली, "आई, कॅमेऱ्यापुढे काहीतरी बोल ना. सर म्हणतात लोकांना माणूस दिसला पाहिजे." मी कंटाळले होते. गुडघा सुजला होता. म्हटलं, काय बोलू? ती म्हणाली, जे मनात आहे ते. मग मी बोलले, आमच्या घरच्या भाषेत. "अबे भिलाईच्या पोरांनो, कुठं कुठं जाऊन बसले तुम्ही? इथं तुमच्या मायबापानं वरचे मजले बांधून ठेवले, त्याले कुलपं लावून राहिले, अन् तुम्ही तिकडं पाकिटातलं कायच्या काय खाऊन राहिले. वड्या खायच्या असल्या तर सांगा. फोकट देणार नाही. फोकट पाहिजे तर घरी या." आणि उठून आत गेले. मला वाटलं ती हे पुसून टाकेल.

तिनं टाकलं तसंच. संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. कुठून कुठून मुलं लिहीत होती. काकू, रडवलं तुम्ही. काकू, माझ्याही आईचं असंच आहे. काकू, पुण्याला पाठवता का? चंदीगडहून एकानं लिहिलं की त्याला नेमक्या याच वड्यांचा रस्सा आठवतो. मुलगी वाचून दाखवत होती. मी डाळ भिजत घालायला उठले, पाऊस असून. म्हटलं, पंख्याखाली वाळवू.

दिवाळीनंतर ऊन कडक झालं आणि मग उसंत राहिली नाही. पहाटे उठून वाटण, उन्हं आली की गच्चीवर, दुपारी पाकिटं, संध्याकाळी कुरियरवाला. खाली दोन बाया मदतीला ठेवल्या. मुलगी नुसती नाचत होती, वेबसाइट, ऑर्डर, जाहिरात, व्हिडिओ, सगळं तिच्या बोटावर. मी मान मोडून काम करत होते, पण मनातून शांत होते. संक्रांत आता आली तरी चालेल, असं पहिल्यांदाच वाटत होतं.

त्याच सुमारास बोरसीच्या जावेचा फोन आला. सरळ भांडायलाच लागली. "माझा पोरगा तुझ्याकडून वड्या मागवते? पैसे देऊन? मी काय मेली का? मी पाठवतो म्हटलं तर म्हणते, आई तू कावून तकलीफ घेतेस, काकूची वेबसाइट आहे." मी सॉरी म्हटलं, चुकलं म्हटलं. ती रडायला लागली आणि फोन ठेवून दिला. मला तिचं वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, मनाच्या आत मला बरंही वाटलं. तिच्या जागी मी नव्हते. माझी मुलगी वर बसून पाकिटांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती.

संक्रांतीला मी तीळगूळ केला. मुलगी सकाळीच न्हाऊन आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, जमलं न आपलं?" मी म्हटलं, "जमलं बापा. देव पावला." तिनं माझा हात हातात धरून ठेवला. मग म्हणाली, "एक बात बोलायची होती."

बंगलोरच्या मैत्रिणीची एक खोली रिकामी होती. आपली अर्धी गिऱ्हाइकं तिकडचीच. तिकडे दोन मोठी दुकानं माल ठेवायला तयार होती, पण कुणी समोर जाऊन बोलणारं पाहिजे. "तू इथं बनव, बाया आहेतच मदतीला. मी तिथून विकते. इंटरनेटचं काम आहे, कुठूनही होते."

मी म्हटलं, "पण तू म्हटलं होतं न, जमलं तर इथंच राहीन म्हणून?"

"हाव आई, म्हटलं होतं." तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. तिलाही सोपं नव्हतं. "पण तेव्हा मले कुठं माहीत होतं हे इतकं मोठं होईल? थोडंसंच चाललं असतं, तर राहिलीच असती मी."

मला ओरडावंसं वाटलं. मग वाटलं, कुणावर? बरोबरच तर बोलत होती. थोडंसंच चाललं असतं तर ती राहिली असती आणि ते थोडंसं राहू नये म्हणून रात्रंदिवस राबले कोण, तर मी. भाव सांगून गप्प बसायला शिकले कोण, तर मीच. मी तिच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि जा म्हटलं. रथसप्तमीच्या आत तिला दुर्ग स्टेशनवर गाडीत बसवून आले.

आता कुरियरवाला रोज येतो. चिठ्ठ्या छापायचं यंत्र मुलीनं जाताना मला शिकवलं, ते मी चालवते. ती तिकडून ऑर्डर पाठवते आणि इकडे चिठ्ठी निघते. परवा अशीच एक निघाली आणि मी नाव वाचून थांबले. तिला फोन लावला. "तुले वड्या पाहिजे होत्या तर तोंडानं सांगायचं न. वेबसाइटवरून कावून मागवल्या? अन् पैसेही भरले?"

ती घाईत होती. मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. म्हणाली, "आई, एकदम साध्या गिऱ्हाइकासारखं करून पाहिलं, बरोबर चालते की नाही ते. आणि पैसे कावून नाही भरायचे? ओळखीच्यालाही फोकट नाही, तूच तर शिकली न?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

फोन ठेवला. पाकीट भरलं, तोंड बंद केलं, दोनदा दाबून पाहिलं. चिठ्ठीवर सगळ्यांसारखंच छापलं होतं, ग्राहकाचं नाव, आणि पुढं माझ्या पोटच्या पोरीचं नाव. मी ती नीट सरळ चिकटवली.